गरम काम आणि त्याची राखण
(वणी येथील परिषदेचे अध्यक्षीय भाषण)

वेल्डिंग किंवा कटिंग, म्हणजे गरम काम, जिथे चालते तिथे धोका सारखाच असतो. नियम मात्र जागेप्रमाणे बदलतो. दिंडोरीहून वणीमार्गे कळवणकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या दुकानांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, द्राक्षबागेचे वाय अँगल, शेडच्या कैच्या आणि पॉलिहाऊसचे पाईप जोडले जातात. कादवा सहकारी साखर कारखान्यात गाळप हंगाम संपला की टाक्या, नळ आणि बॉयलरची दुरुस्ती निघते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि ओझरच्या विमान कारखान्यात हेच काम ठरलेल्या शिस्तीने होते. तिन्ही ठिकाणी ठिणगी तेवढीच तापलेली असते. पण कामापूर्वी लेखी परवाना, जवळ अग्निशामक आणि शेजारी राखणीला माणूस ही व्यवस्था मोठ्या कारखान्याच्या कुंपणाबाहेर क्वचितच दिसते. सुरक्षेचा नियम कारखान्याच्या भिंतीला बांधलेला आहे. तो कामाला बांधला गेला पाहिजे, हे या भाषणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

भिंतीचा हा हिशेब कायद्याच्या जन्मापासून चालत आला आहे. भारतातला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून त्यांच्या मागण्या सरकारपुढे मांडल्या. १८९१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा पन्नासवर आली, १९२२ मध्ये वीसवर आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यात, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यासाठी, दहावर. सदुसष्ट वर्षांत शंभराचे दहा झाले. ही कामगार चळवळीची मोठी कमाई होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने हा आकडा पुन्हा वीसवर नेला. प्रवासाची दिशा उलटली, आणि ही गोष्ट चिंतेची आहे. वणीच्या रस्त्यावरचे दुकान मालक, एक कारागीर आणि एक-दोन हेल्पर यांवर चालते. ते दहाच्याही आत होते आणि वीसच्याही आत आहे. मात्र केंद्र सरकारने एखादे काम जिवाला धोकादायक म्हणून अधिसूचित केले, तर तिथे एकच कामगार असला तरी संहिता लागू करता येते, अशी तरतूद तिच्यात आहे. बंदिस्त टाकीतले आणि ज्वलनशील द्रव राहिलेल्या भांड्यावरचे वेल्डिंग या तरतुदीखाली आणणे न्याय्य ठरेल.

कलमांची उणीव नव्हती. १९४८ च्या कायद्याचे कलम ३६ विषारी वायूच्या बंदिस्त जागेत शिरण्याविषयी होते, कलम ३७ स्फोटक वाफ आणि धुळीविषयी, कलम ३५ डोळ्यांच्या रक्षणाविषयी. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले, आणि जिवावरचा धोका दिसताच तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. भारतीय मानकांपैकी आयएस ८१८ वेल्डिंग-कटिंगमधील सुरक्षेविषयी आहे, तर आयएस ३०१६ त्यातील आगीच्या खबरदारीविषयी. ही मानके इंग्रजीत असतात आणि दुकानापर्यंत पोचत नाहीत.

सर्वांत जास्त नुकसान आग करते. कटिंग टॉर्चचे वितळलेले थेंब उंचावरून पडले की दूरवर उडतात, फटीत शिरतात आणि तिथे धुमसत राहतात. ज्वाला दिसते तेव्हा कामगार घरी पोचलेला असतो. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात ‘नॉर्मंडी’ या प्रचंड फ्रेंच प्रवासी जहाजाचे सैनिकी जहाजात रूपांतर सुरू होते. दिवाणखान्यातला एक खांब टॉर्चने कापताना ठिणग्या सावरीच्या कापसाने भरलेल्या जीवरक्षक जाकिटांच्या ढिगावर पडल्या. आग पसरली, ती विझवायला ओतलेल्या पाण्याच्या भाराने जहाज कलले आणि शेवटी कुशीवर आडवे झाले. महाराष्ट्रात २१ जानेवारी २०२१ रोजी पुण्याजवळ मांजरी येथे सीरम इन्स्टिट्यूटच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागून पाच कामगार मृत्युमुखी पडले. तेव्हाच्या प्राथमिक माहितीतही वेल्डिंगच्या कामाचा उल्लेख होता. दोन्ही ठिकाणी उत्पादन चालू नव्हते. बदल किंवा बांधकाम चालू होते. नेमके असेच काम बाहेरच्या ठेकेदाराकडे असते आणि त्याच्या माणसांना त्या जागेत काय साठवले आहे हे ठाऊक नसते.

दिंडोरी तालुक्यात या धोक्याचे ठिकाण म्हणजे द्राक्षांची शीतगृहे आणि पॅकहाऊस. त्यांच्या भिंती पत्र्याच्या दोन थरांमध्ये पफचा फेस किंवा थर्माकोल भरून केलेल्या असतात. बाहेरून नुसता पत्रा दिसतो. त्याला ब्रॅकेट जोडताना आतला फेस तापतो, पेटतो आणि आग भिंतीच्या पोटातून पुढे सरकते. धूर दाट आणि विषारी असतो. शेजारी पुठ्ठ्याच्या पेट्या, प्लॅस्टिकचे पाऊच आणि कागद रचलेले असतात. अशा भिंतीवर वेल्डिंग करूच नये. ब्रॅकेट नटबोल्टने बसवावा. बाहेर नेऊन जोडता येण्याजोगी वस्तू बाहेरच न्यावी. जे काम आतच करावे लागते, त्याच्या भोवतीचे सुमारे ११ मीटरपर्यंतचे जळाऊ सामान हलवावे किंवा अग्निरोधक कापडाने झाकावे, फटी बुजवाव्यात, जवळ अग्निशामक आणि पाण्याची नळी ठेवावी. काम थांबल्यावर राखण सुरू ठेवावी. अमेरिकेच्या अग्निसंहितेत ही राखण पूर्वी अर्धा तास होती. २०१९ पासून ती एक तास केली गेली, कारण धुमसणारी ठिणगी अर्ध्या तासानंतरही पेट घेते.

आगीहून अचानक येतो तो रिकाम्या पिंपाचा स्फोट. डिझेलचे किंवा रंगाच्या थिनरचे पिंप रिकामे म्हणून दुकानात येते; त्याची चूल, कुंडी किंवा पाण्याची टाकी करायची असते. भरलेल्या पिंपात वाफेला जागा थोडी असते. रिकाम्यात तळाला उरलेला पेलाभर द्रव तापून वाफ होतो, हवेत मिसळतो आणि टॉर्च लागताच झाकण उडते. डिझेल सहज पेटत नाही हा भरवसा इथे घात करतो. ज्योतीच्या उष्णतेने त्याचीही वाफ होते. ज्वलनशील द्रव असलेल्या भांड्यावर, ते निर्धोक केल्याशिवाय, वेल्डिंग करण्यास कलम ३७ ने मनाई केली होती. निर्धोक करणे म्हणजे नुसते पाण्याने विसळणे नव्हे. गरम पाणी आणि सोडा किंवा वाफ देऊन धुवावे, सर्व तोंडे उघडी ठेवावीत, जोडाच्या जागेखालपर्यंत पाणी भरावे आणि शक्य असेल तिथे गॅसमापकाने वाफ तपासावी. पिंपात पूर्वी काय होते हे सांगता येत नसेल, तर ते काम परत पाठवावे. साखर कारखान्याच्या आसवनीत इथेनॉलच्या टाक्यांवर काम करताना तर त्या टाकीला येणारे नळ नुसत्या व्हॉल्व्हने बंद करून भागत नाही. व्हॉल्व्ह गळतो. नळ सोडवून त्याच्या तोंडावर आंधळी चकती बसवावी लागते.

बंदिस्त जागेतला मृत्यू कोणताही आवाज करत नाही. नाशिक परिसरातल्या वायनरींच्या स्टीलच्या टाक्या टिग पद्धतीने, आर्गॉन वायूच्या आवरणात जोडल्या जातात. आर्गॉन विषारी नाही. पण तो हवेहून जड आहे, तळाशी साचतो आणि प्राणवायूला वर ढकलतो. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की जागा असुरक्षित मानतात. फारच खाली गेला तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो आणि त्याला काही जाणवतही नाही. आंबणाऱ्या द्राक्षरसातून आणि मळीतून निघणारा कार्बन डायऑक्साइडही असाच तळाशी बसतो. गुदमरल्याची भावना मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे येते, म्हणून आर्गॉनने भरलेल्या टाकीत शरीर धोक्याचा इशारा देत नाही. उलट टोकाला, गळक्या ऑक्सिजन नळीमुळे टाकीत प्राणवायू वाढला, तर अंगावरचे कपडे भडका घेतात. म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत टॉर्च आणि नळ्या टाकीत ठेवू नयेत. टाकीत शिरण्यापूर्वी हवा मोजावी, काम संपेपर्यंत पंख्याने ताजी हवा आत घालावी, कमरेला पट्टा आणि दोरी असावी, मनुष्यद्वारापाशी एक माणूस सतत उभा असावा. टाकीत नेण्याच्या हातदिव्याला कायद्याने २४ व्होल्टची मर्यादा घातली होती. पडलेल्याला काढायला दुसरा तसाच आत उतरतो आणि तोही पडतो; अशा अपघातांत एकामागून एक जीव जातात ते यामुळे. द्वारापाशी उभ्या माणसाने आत उतरायचे नाही. दोरी ओढायची आणि मदत बोलवायची, एवढेच त्याचे काम.

विजेचा धोका पावसाळ्यात वाढतो. आर्क पेटलेला नसताना होल्डरवर साधारण ५० ते ९० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते फारसे जाणवत नाहीत, पण घामाने भिजलेला हात ओल्या लोखंडावर टेकला तर तेवढे प्राण घेण्यास पुरतात. द्राक्षबागेत आणखी एक चूक होते. सेटपासून येणारी परतीची केबल जवळच्या खांबाला कुठेही अडकवली जाते आणि प्रवाह मांडवाच्या तारांतून वाट शोधत परत येतो. सैल गाठीपाशी तार तापते, आणि दूर उभा असलेला मजूर त्या वाटेत सापडू शकतो. परतीचा क्लॅम्प जोडाच्या शक्य तितका जवळ, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर बसवावा. सेटच्या सांगाड्याचे अर्थिंग ही स्वतंत्र गोष्ट आहे. दोन्ही कामे एकाच केबलवर भागवता येत नाहीत.

गॅसच्या कामात ऑक्सिजनचा काळा आणि अ‍ॅसिटिलीनचा तपकिरी-लाल सिलिंडर प्रत्येक कारागीर ओळखतो. अ‍ॅसिटिलीन आत सच्छिद्र भरावातल्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेले असते, म्हणून तो सिलिंडर आडवा वापरू नये. नळीत सोडलेल्या या वायूचा दाब १ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर नेऊ नये. त्यापुढे हा वायू हवेशिवायही फुटू शकतो. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावू नये. गळती साबणाच्या पाण्याने पाहावी, काडीने कधीच नाही. ज्वाला नळीत उलटी शिरू न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर दोन्ही नळ्यांना बसवण्याचा खर्च सिलिंडरच्या एका स्फोटापुढे नगण्य आहे.

शरीरावर हळूहळू होणारे परिणाम लोकांना अपघात वाटत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आर्क उघड्या डोळ्यांनी पाहिला तर काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. कारागीर हँडशील्ड धरतो. वस्तू धरून ठेवणारा हेल्पर नुसती मान फिरवतो, आणि त्रास त्याच्याच डोळ्यांना होतो. आर्क वेल्डिंगला साधारण १० ते १३ क्रमांकाची काळी काच लागते, ती हेल्परलाही. रस्त्याकडेला पडदा लावावा. शाळेतून येणारी मुले थांबून पाहतात. जस्त चढवलेला पॉलिहाऊसचा पाईप जोडताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. त्यावर दूध पिण्याची प्रथा आहे. दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात गेलेला असतो. जोडाच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे आणि वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने आडवा जाईल असे उभे राहावे, म्हणजे धूर तोंडावर येत नाही. स्टेनलेस स्टीलच्या धुरात सहासंयुजी क्रोमियम असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. त्यामुळे धूर शोषणारा पंखा ही चैन राहिलेली नाही. कपडे सुती हवेत. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. 

हे सारे एका कागदावर मावते. कुठे काम, काय साठवलेले, भांड्यात आधी काय होते, हवा मोजली का, राखणीला कोण, किती वाजेपर्यंत: असा मराठीत आणि हिंदीत छापलेला गरम कामाचा परवाना सहकारी संस्था, वायनरी, शीतगृह आणि ग्रामपंचायत यांनी आपल्या आवारातल्या प्रत्येक वेल्डिंगला सक्तीचा करावा. त्यावर पहिली सही काम देणाऱ्याची असावी, कारण आवारात काय साठवले आहे हे त्यालाच माहीत असते. आयटीआयचा वेल्डर हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. पण दुकानातले बरेच कारागीर हातावर शिकलेले आहेत, आणि त्यांच्यासाठी आयटीआयने संध्याकाळचे छोटे वर्ग घेणे शक्य आहे. खरी अडचण दराची आहे. वेल्डिंगची मजुरी किलोवर किंवा फुटावर ठरते; पिंप धुण्याचा, हवा मोजण्याचा आणि राखणीचा वेळ तिच्यात धरलेला नसतो, म्हणून तो वेळ कुणी देत नाही. दरपत्रकात ‘राखण, एक तास’ ही वेगळी ओळ आली पाहिजे, आणि तिचे पैसे काम देणाऱ्याने दिले पाहिजेत.