परीकथेतील भूक पुसू नका
(कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्या परीकथा मुलांना नव्याने सांगताना त्यांतील काय ठेवावे आणि काय बदलावे, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. वस्तुतः त्याच्या उत्तरात समाजाकडे पाहण्याची दृष्टी दडलेली असते. 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' या जर्मन कथेचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे.

ग्रिम बंधूंनी ही कथा १८१२ साली प्रसिद्ध केली. लाकूडतोड्याच्या घरी अन्नाची ददात आहे. मुलांना रानात सोडून यावे, असे त्याची बायको सुचवते आणि तो कष्टाने का होईना, कबूल होतो. त्या पहिल्या आवृत्तीत ही बायको मुलांची सख्खी आई आहे. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली.

बदल एका शब्दाचा. पण त्यामुळे कथेतील आरोपीच बदलला. जन्मदात्रीच्या मायेलाही हरवणारे दारिद्र्य मागे सरले आणि त्याच्या जागी एक दुष्ट बाई उभी राहिली. शेवटी ती मेलेली असते. म्हणजे दुःखाचे मूळही गेले, असे वाटू लागते. शिवाय, अशा कथा ऐकून वाढलेले मूल शेजारच्या घरातील सावत्र आईकडे कोणत्या नजरेने पाहील, याचाही विचार केला पाहिजे.

भीषण भाग गाळून कथा गोड करावी, असे काहींना वाटते. परीकथा सोडून थेट प्रबोधनच करावे, असे इतर काही म्हणतात. हे दोन्ही मार्ग कथेचा प्राणच हरवतात. रानातील त्या घराच्या भिंती पावाच्या आहेत, खिडक्या साखरेच्या आहेत. हे उपाशी मुलांचे स्वप्न आहे. आधीची भूक पुसून टाकली, तर उरतो तो केवळ खाऊचा बंगला.

म्हणून कार्यकर्त्यांनी ही कथा सांगताना आईला आईच राहू द्यावे आणि भुकेला भूकच म्हणावे. खडे टाकून वाट शोधणारा भाऊ आणि चेटकिणीला भट्टीत ढकलून त्याला सोडवणारी बहीण, यांचे शहाणपण व धैर्य रंगवून सांगावे. तात्पर्याची घाई करू नये. दिवसभर लाकडे तोडणाऱ्याच्याच घरी अन्न का नव्हते, हा प्रश्न एखादे मूल आपणहून विचारील. कथेचे खरे काम त्या प्रश्नापासून सुरू होते.