संगणक, बाजार आणि आपले घर

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून बोलण्याचा मान सहसा डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांना मिळतो. मी पिंजाऱ्याचा मुलगा आहे. कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरणे हा आमचा पिढीजात धंदा. मी वेबसाइट तयार करतो. गवंडी विटांचे दुकान बांधतो, मी संगणकावरचे दुकान बांधतो, एवढाच फरक. या कामात मी काय शिकलो आणि कोठे ठेचकाळलो, ते आपल्यापुढे मांडतो. माझे यश ऐकवण्यासाठी मी आलेलो नाही. माझी एक चूक आणि माझ्यावरचे एक ऋण सांगण्यासाठी आलो आहे.

आधी हे दुकान कसे चालते ते पाहू. आपल्या पेठेतील दुकानात तीन गोष्टी असतात : समोर मांडलेला माल, गादीवर बसलेला मुनीम आणि त्याची खातेवही. संगणकावरच्या दुकानातही त्याच तीन गोष्टी असतात. मोबाईलवर जे दिसते तो मांडलेला माल. तो एचटीएमएल आणि सीएसएस या भाषांत मांडतात. मुनीम म्हणजे प्रोग्राम. तो पीएचपी, पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. आणि खातेवही म्हणजे डेटाबेस. गिऱ्हाईक बटण दाबते, मुनीम खातेवही पाहतो, शिल्लक माल मोजतो, भाडे जोडतो आणि बिल करतो. मुनीम झोपत नाही, थकत नाही. परंतु त्याला स्वतःची अक्कलही नसते. आपण जे शिकवले तेच तो करतो. आपण चुकीचे शिकवले, तर रात्रंदिवस न थकता तो चूकच करीत राहतो.

माझ्या बाबतीत तेच घडले. अब्बांच्या रजया परगावी विकाव्यात म्हणून मी दुकान तयार केले. रजईचे वजन चार किलो. कुरियरचा दर किलोला चाळीस रुपये. मी मुनीमाला शिकवले : चार गुणिले चाळीस, म्हणजे एकशे साठ रुपये भाडे घे. पहिल्या महिन्यात अकरा रजया गेल्या. घरात आनंदीआनंद झाला. महिन्याअखेर कुरियरचे बिल आले, ते एका रजईमागे सातशे वीस रुपयांचे होते!

मी फोन करून भांडलो. समोरच्या माणसाने शांतपणे दरपत्रक वाचायला सांगितले. हलका पण फुगीर माल गाडीत जागा अडवतो, म्हणून त्याचे वजन आकारावरूनही धरतात. लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार करून त्याला सामान्यतः पाच हजारांनी भागतात. आमचे खोके साठ, पन्नास आणि तीस सेंटिमीटरचे होते. गुणाकार नव्वद हजार, भागाकार अठरा. म्हणजे चार किलोची रजई हिशेबात अठरा किलोची! दरपत्रकात ते छापलेले होते. मी वाचले नव्हते. एका रजईमागे पाचशे साठ, अकरांमागे सहा हजार एकशे साठ रुपये अब्बांच्या कष्टातून गेले.

हे कोडे सोडवले माझ्या मोठ्या बहिणीने. आपा रजयांच्या खोळी शिवते आणि घरचा जमाखर्च लिहिते. तिने पट्टी घेऊन खोके मोजले आणि वहीत गणित मांडले. मग रजई घट्ट गुंडाळून, सुतळीने आवळून पिशवीत बसवली. नवे माप पन्नास, तीस, वीस. गुणाकार तीस हजार, भागाकार सहा. भाडे सातशे वीसवरून दोनशे चाळीसवर आले. आणि कापूस म्हणजे कापूस. गिऱ्हाइकाने एक दिवस उन्हात टाकला की पुन्हा फुलतो. मी मुनीमाला नवा नियम शिकवला : काट्यावरचे वजन आणि आकारावरचे वजन यांत जे जास्त असेल ते धर. प्रोग्राममध्ये ती एक ओळ होती; पण ती आपाने दिलेली होती.

विद्यार्थी मित्रांनो, पायरीपायरीने हिशेब सोडवण्याच्या अशा रीतीला अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे गणिती मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून हा शब्द आला. त्यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून अल्जिब्रा हे नाव पडले. हे ऐकून आपली छाती फुगते. अभिमान जरूर बाळगा. परंतु अभिमानाने कुरियरचे बिल भागत नाही. त्यासाठी गुणाकार-भागाकार स्वतःच करावा लागतो.

काही पालक म्हणतील, हे पुण्या-मुंबईच्या मुलांचे काम. आपल्या बीड जिल्ह्यात हंगाम आला की हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. बीड शहरात प्रवासी रेल्वे यायला २०२५ साल उजाडले. हे सर्व खरे आहे. परंतु याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटण गावचे दादासाहेब भगत यांचे उदाहरण पाहा. दहावीनंतर त्यांनी आयटीआय केले. पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात ते साफसफाईची आणि चहापाण्याची कामे करीत. तेथे संगणकावर काम करणारी माणसे पाहून त्यांनी चौकशी केली आणि नोकरी करीतच ग्राफिक्सचे काम शिकले. पुढे त्यांनी प्रोग्रामिंगही शिकून घेतले. टाळेबंदीच्या काळात गावी परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेकडीवरच्या गोठ्यात संगणक मांडले, कारण तेथे मोबाईलची रेंज चांगली मिळे. त्यांची ‘डूग्राफिक्स’ ही कंपनी तयार नमुन्यांवरून चित्रे आणि जाहिराती करण्याचे साधन पुरवते. २०२४ साली ‘शार्क टँक इंडिया’ या कार्यक्रमात उद्योजक अमन गुप्ता यांनी त्यांना दहा टक्के भागीदारीच्या बदल्यात एक कोटी रुपये देऊ केले. सगळ्यांनाच कोटी मिळणार नाहीत. त्यांच्याकडून घ्यायचे ते चौकशी करण्याचे धाडस आणि नोकरीनंतर उरलेल्या तासांचा उपयोग.

या विद्येला कोणाचे कुलूप नाही. वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ‘सर्न’ या संशोधन संस्थेत मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. म्हणून एचटीएमएल शिकायला कोणाची परवानगी लागत नाही. जुना संगणक पुरतो. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मिळाले की शिक्षण संपले, असे मात्र समजू नका. तो उंबरठा आहे. रोज एक तास बसा आणि आज काय चुकले, कसे सुटले, ते वहीत लिहून ठेवा. माझ्या अशा सात वह्या भरल्या आहेत. इंग्रजीची भीती बाळगू नका. प्रोग्रामच्या भाषेत नेहमी लागणारे इंग्रजी शब्द मोजके असतात. विचार आपण घरी बोलतो त्या दखनीत किंवा मराठीत केला तरी चालतो.

पालकांसाठी दोन इशारे. पहिला खरेदी-विक्रीचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा दुकानाने आपले नाव, पत्ता आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याची माहिती देणे बंधनकारक आहे. ती नसेल तेथे पैसे भरू नका. कोणी म्हणाले, ‘पैसे पाठवतो, पिन टाका,’ तर फोन ठेवून द्या. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. दुसरा इशारा : अमुक महिन्यांत नोकरीची हमी देतो म्हणून मोठी फी मागणाऱ्यांपासून सावध राहा. मुलाने स्वतः तयार केलेले काम दाखवता येते का, हे विचारा. तेच खरे प्रमाणपत्र.

आता घराविषयी. घरबसल्या काम म्हटले की लोकांना हेवा वाटतो. माझे काही ग्राहक परदेशातील आहेत. त्यांचा दिवस तो माझी रात्र. एका रात्री दोन वाजेपर्यंत मी एका दुकानाची दुरुस्ती करीत होतो. अम्मी पलीकडच्या खोलीत तापाने फणफणत होती. सकाळी मी विचारले, ‘हाक का मारली नाहीस?’ ती म्हणाली, ‘तू कामावर होतास ना.’ मध्ये फक्त एक पडदा होता. घरात बसणे म्हणजे घरात असणे नव्हे, हे त्या दिवशी मला कळले. तेव्हापासून रात्री नऊनंतर माझा संगणक बंद असतो. दोन ग्राहक गेले. गेले तर गेले.

शेवटी ते ऋण. आपा शाळेत गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. परंतु बारावीनंतर घरात एकाच फीचे पैसे होते आणि ते माझ्यावर खर्च झाले. कोणी तिला विचारले नाही, मीही नाही. माझा पहिला संगणक आला तेव्हा ती शिवणयंत्रावर बसून माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहात असे. मला वाटे, ती कौतुकाने पाहते आहे. ती शिकत होती. सहा हजार रुपयांचा खड्डा पडला तेव्हा मला कळले की घरात दोन विद्यार्थी होते आणि आम्ही एकालाच बसायला खुर्ची दिली. आज दोन मुलांची आई असलेली आपा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करीत आहे. मी तयार केलेले प्रत्येक दुकान गिऱ्हाइकापुढे जाण्याआधी ती तपासते आणि तिचा मोबदला तिच्या खात्यात जमा होतो. परंतु गेलेली पंधरा वर्षे मी तिला परत देऊ शकत नाही.

पालकहो, मुलीला लांब पाठवणे जमत नाही, अशी अडचण आपण सांगता. या विद्येसाठी लांब जावे लागत नाही. घरात एकच मोबाईल असेल तर त्याचे तास वाटून द्या; मुलाला जेवढा तास, तेवढाच मुलीला. मुलगा त्यावर चित्रफिती पाहात असेल आणि मुलगी गणित सोडवीत असेल, तर तो कोणाच्या हाती असावा, हे सांगायला माझी गरज नाही.

आज रात्री घरी गेल्यावर आपल्या मुलीला एवढेच विचारा : ‘बेटी, तुला काय शिकायचे आहे?’ आमच्या घरात हा प्रश्न पंधरा वर्षे उशिरा विचारला गेला.