गाडीचा क्रमांक आणि आलेखाचे रेखाटन
(मनमाड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, हे भुसावळ, नाशिक, दौंड आणि नांदेड या चारही वाटा ज्यांच्या दाराशी मिळतात, त्या आपणांस मी सांगत बसत नाही. मला बोलायचे आहे ते अशा आलेखातील बिंदूवरच्या नावपट्टीविषयी, आणि त्या निमित्ताने माझ्या एका दृढ मताविषयी: ज्या अंकांची बेरीज कोणी कधी करणार नाही, ते अंक संगणकाच्या दप्तरी संख्या म्हणून दाखल करू नयेत. सात-बाराचा गट क्रमांक '५/२' हिशेबाच्या तक्त्यात लिहिताच त्याची तारीख झालेली आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल.

एका तरुण मित्राने मनमाडच्या गाड्यांचा आलेख काढण्याचे योजिले, आणि वेळापत्रकाचा तक्ता पांडाज या तक्ते वाचणाऱ्या साधनात वाचून पायथनमार्गे ग्राफव्हिझ या आलेख रेखाटणाऱ्या साधनाकडे सोपविला. चित्र उमटले नाही. अक्षरे अपेक्षित होती, ती मिळाली नाहीत, अशा अर्थाची 'टाइप एरर' मात्र आली. अक्षरांचा हा आग्रह अकारण नाही. बेल प्रयोगशाळेतील गान्सनर, नॉर्थ प्रभृतींनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या, ग्राफव्हिझ वापरत असलेल्या रीतीत आधी बिंदूंचे स्तर, मग स्तरांतील क्रम, मग जागा आणि शेवटी रेषांची वळणे ठरतात. परंतु बिंदूची चौकट किती रुंद, हे नावपट्टीतील अक्षरे मापल्यावाचून कळत नाही, आणि रुंदी कळल्यावाचून जागा ठरत नाही.

तक्रारीचा रोख ग्राफव्हिझच्या पायथन लायब्ररीच्या अंतर्भागात, नावाला अवतरणचिन्हे घालणाऱ्या ओळीवर होता. म्हणून मित्राने चित्र काढण्याच्या क्षणीच संख्येची अक्षरे करून टाकली. तक्रार मिटली, आणि पंचवटी एक्स्प्रेसच्या बिंदूवर '१२११०.०' असे उमटले. (हशा) आपण हसलात, कारण हा क्रमांक आपणांस मुखोद्गत आहे. तक्त्यात एक रकाना रिकामा होता, आणि तेवढ्यावरून पांडाजने सबंध स्तंभ दशांश संख्यांचा ठरविला होता. याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. डिसेंबर २०१० पासून गाड्यांचे क्रमांक पाच अंकी झाले आणि विशेष गाड्यांचा क्रमांक शून्यापासून सुरू होऊ लागला. ते शून्य तक्ता वाचतानाच गळाले होते, आणि मागाहून केलेल्या रूपांतराने ते परत येणे शक्य नव्हते.

येथे आपल्याच यार्डाची आठवण होते. निजामाच्या रेल्वेचा १००० मिलिमीटरचा मीटर गेज मनमाडला येऊन संपे आणि पलीकडे १६७६ मिलिमीटरचा ब्रॉड गेज असे, तेव्हा मराठवाड्यातून आलेला माल येथे एका वाघिणीतून दुसरीत हमालांच्या पाठीवरून जाई. १९९०च्या दशकाच्या आरंभी औरंगाबादपर्यंतचा मार्ग रुंद झाला आणि ती दगदग संपली. ती परत यावी असे कोण म्हणेल? परंतु तिच्यात एक शहाणपण होते. पोती मोजली जात ती सांध्यावर, बदल घडे तो उघड्यावर, आणि तूट निघालीच तर तिची रुजुवात येथल्या येथे करता येई, मुंबईच्या गोदामात शोधाशोध करावी लागत नसे. 

  या विषयात सामान्य नागरिकाचे काय, असे समोरून कोणी म्हणाले. ज्याच्या आधार क्रमांकाची वा पिनकोडाची नोंद कोणत्यातरी तक्त्यात आहे, त्या प्रत्येकाचे यात हित आहे, असे माझे उत्तर आहे.

दुरुस्ती तेवढी सांगतो, आणि तीही यार्डातल्या पोत्यांच्या मोजणीसारखी सांध्यावरच करायची. तक्ता वाचतानाच क्रमांकाचा स्तंभ अक्षरांचा आहे, असे पांडाजला बजावावे. शून्य टिकते, दशांश येत नाही. रिकामा रकाना मात्र तरीही अक्षर होत नाही, आणि त्या एका ओळीवर तीच तक्रार पुन्हा उठते. तेव्हा त्या गाडीचा क्रमांक वेळापत्रकात पाहून भरावा, आणि तो सापडेपर्यंत तो बिंदू आलेखात घालू नये.