मुदत न मानणारी पेशी



शिरूरच्या काय किंवा दौंडच्या काय, तहसील कचेरीत फेरफाराच्या नकलेसाठी ज्याने दिवस घालवला आहे, त्याला आजचा माझा विषय अवघड वाटू नये. कारण शरीरातील पेशीलाही दुभंगण्यापूर्वी आपले सबंध दप्तर, म्हणजे गुणसूत्रे, उतरवून काढावी लागतात, आणि तिथल्या कारकुनाच्या हातून दप्तराचा अगदी शेवट दर खेपेस सुटतो. म्हणून निसर्गाने प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाशी सहा अक्षरांचा एकच पाठ सहस्रावधी वेळा गिरवून ठेवला आहे. झिजतो तो हा पाठ, मूळ हुकूम शाबूत राहतो. या टोकांना टेलोमिअर म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या सामान्य मानवी पेशी सुमारे ४० ते ६० विभाजनांनंतर आपण होऊन थांबतात, त्या ही शिल्लक सरत आली म्हणून.

स्तनाच्या कर्करोगाची पेशी ही मुदत मानीत नाही. बहुतेक प्रौढ पेशींत निद्रिस्त असलेले टेलोमरेज नावाचे विकर ती बहुधा जागे करते आणि झिजल्या टोकाला नवा पाठ जोडून घेते. तरीही तिचे टेलोमिअर पुष्कळदा निरोगी पेशींहून आखूडच असतात, कारण तिला संचय नको, केवळ अंत टाळायचा असतो.

पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी याच स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला, अमेरिकेत बाल्टिमोरला पेशीसंशोधक जॉर्ज गे यांच्याकडे काम केले आणि मुंबईस परतून देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्याच गे यांनी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्णेच्या अर्बुदातून वाढवलेल्या, अद्यापही न थांबलेल्या पेशींत १९८९ साली मानवी टेलोमरेज सापडले; आणि ते शोधण्याची दिशा मिळाली ती तळ्यातल्या एका एकपेशीय जीवाकडून, ज्याच्या गुणसूत्रांची टोके तपासणाऱ्यांना कर्करोगाशी काही कर्तव्य नव्हते. तेव्हा निरुपयोगी वाटणारा प्रश्न विचारताना संकोचू नका.

पेशीने मुदत झुगारली, तरी आपल्याला ती आहे. घरी आई, आजी, मावशी कोणी छातीतली गाठ ‘दुखत तर नाही’ म्हणून झाकून ठेवीत असेल, तर तिला उद्याच दवाखान्यात न्या. ऊस कारखान्याला जाईपर्यंत हे प्रकरण तहकूब ठेवू नका.