पुढच्या दातांना व्हीनियर बसवायचं, तर कोणतं?

गटाच्या बैठकांमध्ये हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. मुलीच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, यंदा स्थळं बघायची आहेत, तर व्हीनियर बसवावं का? त्यासाठी गटातून कर्ज काढायलाही काही जणी तयार असतात. (मुलाचे दात गुटख्यानं रंगलेले असले तर कुणी विचारत नाही, ते असो.)

व्हीनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला नखासारखा पातळ पापुद्रा. दात आपलाच राहतो, वरचा रंग-आकार बदलतो.

पण पैसे मोजण्याआधी डाग कसला आहे ते बघा. मिश्री, तंबाखू, चहा यांचा डाग वरवरचा असतो. दवाखान्यात दात साफ करून घेतले की तो बहुतेक निघतो. तिथं व्हीनियरचं कामच नाही. एकच दात काळपट पडला असेल, लहानपणी पडल्या-झडल्याचा, तर आतली नस मेलेली असू शकते. त्याचा आधी एक्स-रे काढायचा.

चंद्रपूर, यवतमाळकडच्या मैत्रिणींना तिसरा डाग चांगला माहीत आहे. खडूसारख्या पांढऱ्या रेघा, तपकिरी चट्टे. हा बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा. साधारण आठ वर्षांपर्यंत पक्के दात हाडात घडत असतात, तेव्हाच हा डाग दाताच्या अंगात मुरतो. घासून जात नाही. लिंबू-मीठ, राख असलं काही चोळू नका, दात झिजतील. डाग फिकट असेल तर डॉक्टर वरचा थर हलकेच घासून किंवा ब्लीच करून तो बराच कमी करतात. डाग खोल असेल तरच व्हीनियरचा विचार.

त्यात मुख्य दोन प्रकार. पहिला कॉम्पोझिटचा. दातात आपण सिमेंट भरून घेतो ना, साधारण त्याच जातीचा मसाला. डॉक्टर तो थेट दातावर लावतात, आकार देतात आणि निळ्या प्रकाशानं कडक करतात. बहुतेक वेळा एका फेरीत काम होतं. दात फारसा घासावा लागत नाही, टवका उडाला तर तिथल्या तिथं दुरुस्ती होते. पण चहा, हळद, तंबाखूनं रंग धरतो. पाच-सात वर्षांत पुन्हा करावं लागतं.

दुसरा पोर्सिलेनचा, म्हणजे कपबशीच्या जातीचा. माप घेऊन लॅबमध्ये बनवतात, त्यामुळे निदान दोन फेऱ्या. चमक टिकते, डाग धरत नाही, नीट जपलं तर दहा-पंधरा वर्षं जातं. खर्च मात्र काही पटींनी जास्त आणि फुटलं तर बहुधा नवंच. शिवाय ते बसवायला दाताचं वरचं कवच, इनॅमल, साधारण अर्धा मिलिमीटर घासतात. ते कवच पुन्हा येत नाही. म्हणजे विशीत बसवलं तर पस्तिशीत, पन्नाशीत पुन्हा खर्च आलाच.

म्हणून माझं मत, विशीतल्या मुलीला आधी कॉम्पोझिट. पुढे पोर्सिलेनकडे जाता येतं, उलट वाट नाही. कुणी थेट सहा-आठ दातांना कॅप सुचवली तर कारण विचारा. कॅपसाठी दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. धडधाकट दाताला ते कशाला?

हिरड्यांतून रक्त येत असेल, कीड असेल, तर आधी ते बरं करा. झोपेत दात खात असाल तर डॉक्टरांना सांगा. आणि काम नोंदणी असलेल्या दंतवैद्याकडूनच करून घ्या, बाजारात टेबल मांडून बसलेल्याकडून नको. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, कर्ज काढण्याआधी तिथं एकदा विचारा.

गावात बऱ्याच लेकरांचे दात असे असतील तर ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या. लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं.

आणि हो, व्हीनियरचा रंग दिवसाच्या उजेडात, हातात आरसा धरून ठरवा. त्यावर पुढे ब्लीच चालत नाही. शेजारचे दात उजळायचे असतील तर ते आधी उजळून घ्या, मग त्यांच्याशी जुळणारा रंग निवडा.