जनावरांचं पाणी गायरानातच हवं

आज बोलूया चरायला जाणाऱ्या जनावरांच्या पाण्याविषयी.

आपल्या राहू बेटाच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा. बाहेरच्यांना वाटतं, इथं पाण्याला काय तोटा? पण मुळा-मुठेत पुण्याचं सांडपाणी येतं, वर जलपर्णी माजते. ओढ्याच्या डबक्यात जनावर उतरतं, तिथंच शेण-मूत करतं आणि तेच पाणी पितं. अशा साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे यकृताला चपटे जंत लागतात. जनावर खंगतं, जबड्याखाली सूज येते, दूध आटतं.

दुधात शंभरातले ८७ भाग पाणीच असतं. दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला ६० ते १०० लिटर पाणी लागतं, शेळीला ५ ते ८ लिटर. पाणी लांब किंवा घाण असेल, तर जनावर कमी पितं, मग चाराही कमी खातं. संध्याकाळी त्याची तहान भागवायला हंडे कोण वाहतं? आपणच ना!

म्हणून गायरानातच हौद बांधून घेऊया. १० फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट खोल हौदात साधारण ८५० लिटर पाणी मावतं. दहा गाई आणि वीस शेळ्यांची एका वेळची तहान त्यात आरामात भागते. शेळ्या-मेंढ्यांसाठी शेजारी बुटका हौद ठेवा, मोठ्याचं जास्तीचं पाणी नळीनं त्यात सोडा. बॉलकॉक बसवला की पाणी वाया जात नाही. भोवती दगड-मुरूम टाका, म्हणजे चिखल होणार नाही, खूर सडणार नाहीत. सावली असेल तर पाणी गार राहतं. तळाला बूच हवंच, आठवड्याला हौद रिकामा करून घासता येतो. महिन्यातून दोनदा आतून चुना लावा.

गाळ कोण काढणार, हे बांधण्याआधीच ठरवा. नाहीतर नव्या हौदाचं वर्षात डबकं होतं. गटातल्या दोघी-दोघींनी आठवडा वाटून घेतला, तर कुणा एकीवर भार पडत नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, हे कायद्यातच आहे. तिथं नुसतं "पाणी द्या" म्हणू नका. किती जनावरं, किती लिटर, जागा कुठली, पाणी कुठून येणार, हे कागदावर लिहून न्या आणि ठराव मांडा. बांधावरून जाणाऱ्या मेंढपाळांच्या कळपांनाही त्यात धरा. तहान त्यांच्या मेंढरांनाही आहेच.

येत्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी जनावरांची यादी घेऊन बसा. सुरुवात तिथूनच होईल.