आकडे आणि माणसे

समाजशास्त्रज्ञाने संख्याशास्त्राचा आश्रय घ्यावा की नाही, हा वाद आता जुना झाला. आत्महत्येसारख्या अत्यंत खाजगी कृत्याचेही प्रमाण त्या त्या समाजात वर्षानुवर्षे जवळजवळ कायम राहते, हे एमिल दुर्खीम या फ्रेंच पंडिताने १८९७ साली सरकारी नोंदींच्या आधारे मांडले, तेव्हाच माझ्या मते तो निकालात निघाला. प्रश्न उरतो तो एवढाच की, आकडा नेमके काय सांगतो?

आपल्याच जनगणनेचे उदाहरण घ्या. १९६१ साली देशातील सुमारे २८ टक्के स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. १९७१ साली हे प्रमाण एकदम कोसळले. दहा वर्षांत कोट्यवधी बायकांनी हातातले खुरपे खाली ठेवले काय? मुळीच नाही. बदलला होता तो प्रश्न. १९६१ साली हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून अधिक नियमित काम करणारी स्त्रीही कामकरी धरली जाई. १९७१ साली प्रत्येकाचे मुख्य काम कोणते, हे विचारण्यात आले. चूलपाणी सांभाळून शेतात राबणारी बाई, किंवा तिच्या वतीने बोलणारा घरधनी, 'घरकाम' असेच सांगणार! स्त्रियांच्या स्थितीविषयीचा निष्कर्ष केवळ या दोन आकड्यांवर जो उभारील, तो वास्तविक दोन प्रश्नपत्रिकांची तुलना करीत असतो.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेचे आकडे तपासले. ज्या राज्यांत परदेशी जन्मलेल्यांचा भरणा अधिक, तेथे निरक्षरता कमी आढळली. सहसंबंध उणे ०.५३. तेव्हा हे आगंतुक अधिक साक्षर असले पाहिजेत, असे कोणीही म्हणेल. पण एकेक व्यक्ती घेऊन हिशेब केला तेव्हा सहसंबंध अधिक ०.१२ भरला, म्हणजे ते किंचित अधिक निरक्षरच होते. जेथील मूळ रहिवासी अधिक शिकलेले, अशा राज्यांत ते जाऊन वसले होते, इतकेच. आणि हा उलगडा सहसंबंधाच्या पोटातून निघत नाही. लोक कोठे वसले, त्यांचे शेजारी कोण होते, हे वेगळे पाहावे लागते.

आपल्याकडे निवडणुकीनंतर मतदारसंघांचे आकडे मांडून अमुक जातीने अमुक पक्षाला मते दिली, असे छातीठोकपणे सांगितले जाते. तेथे पुष्कळदा हीच गफलत घडते.